सरासरीत हरवलेला झटका



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आम्हाला दोघा-तिघांनी विचारलं, समीक्षेवरच्या व्याख्यानांत खेळाचा संगणक कुठून आला? कादंबरीची समीक्षा असते, नाटकाची असते, झालंच तर सिनेमाची. कॅबिनेट, एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड यांची कसली समीक्षा? त्यावर आमचं म्हणणं असं, की आज अकरावी-बारावीतली कितीतरी मुलं जी समीक्षा सगळ्यात मन लावून ऐकतात ती ग्राफिक्स कार्डाचीच असते. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे व्हिडिओ ती न कंटाळता बघतात, त्यातले आलेख त्यांना पाठ असतात. आणि त्या समीक्षेवर विसंबून घरातले सत्तर-ऐंशी हजार रुपये खर्च होतात. सिनेमाचं परीक्षण चुकलं तर तिकिटाचे तीनशे रुपये गेले, एक संध्याकाळ गेली. इथे परीक्षण चुकलं तर ती चूक पुढची चार-पाच वर्षं टेबलावर बसून राहते.

तेव्हा आज या समीक्षेचीच समीक्षा करू. आम्ही हे लांब उभं राहून बोलत नाही बरं का. गेली पंधराएक वर्षं आम्ही स्वतःसाठी, नातलगांसाठी, शेजाऱ्यांसाठी असेंबल्ड पीसी जोडत आलो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दुकानं पालथी घालणं, प्रोसेसर सॉकेटात बसवताना श्वास रोखून धरणं, सगळं झाल्यावर बटण दाबावं आणि पडदा काळाच, मग अर्ध्या तासानं लक्षात यावं की केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डलाच लावलीय, हे सगळं केलंय. याद्या करून दिल्या. त्यातल्या एका यादीनं आम्हाला तोंडघशी पाडलं, त्याकडे येऊच.

आधी ही समीक्षा दिसते कशी ते बघा. एक आडवा आलेख. डावीकडे कार्डांची नावं, उजवीकडे रंगीत पट्ट्या. ज्याची पट्टी लांब तो जिंकला. पट्टीच्या टोकाला आकडा: सेकंदाला सरासरी किती चित्रं, म्हणजे आपण ज्याला एफपीएस म्हणतो ते. दहा-बारा खेळांत हे मोजायचं, शेवटी सगळ्यांची मिळून आणखी एक सरासरी काढायची, ती किमतीनं भागायची, की झाला निवाडा. रुपयाला किती फ्रेम. भाजीवाल्याकडे शोभेल असा हिशेब आहे आणि हिशेब म्हणून तो खोटाही नाही. पण तो सांगतो काय, आणि लपवतो काय?

सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. आता समजा एका सेकंदात ५९ चित्रं १५-१५ मिलिसेकंदांत आली. झाले ८८५. उरलेलं एक चित्र एकट्यानं ११५ मिलिसेकंद खाऊन बसलं. बेरीज बरोबर हजार, चित्रं बरोबर साठ, सरासरी ६० एफपीएस. आलेखावर हा सेकंद आणि सगळी चित्रं १६.७ नं आलेला सेकंद यांत काडीचा फरक नाही. खेळणाऱ्याला विचारा. पहिल्या सेकंदात त्याचा खेळ अडकला, नेम चुकला, समोरच्यानं त्याला मारलं. तो म्हणतो, अडकतंय. तुम्ही म्हणता, अरे साठ तर येतायत!

तबल्याचं उदाहरण घेऊ. तीनतालाच्या सोळा मात्रा. एखाद्यानं पंधरा मात्रा घाईघाईनं उरकल्या, मग सोळावीपाशी थबकला आणि समेवर मात्र अगदी वेळेत येऊन पोचला. घड्याळ लावून बघाल तर आवर्तन बरोबर त्याच वेळात संपलं. लयीची सरासरी शंभर टक्के बरोबर. पण समोर बसलेल्या एकाची तरी मान हलेल का? लय दोन मात्रांच्या मधल्या जागेत असते. खेळाचं तसंच आहे. हाताला फ्रेमची संख्या कळत नाही, हाताला दोन फ्रेममधलं अंतर कळतं.

हे आम्हाला सुचलेलं नाही. सप्टेंबर २०११ मध्ये द टेक रिपोर्ट या संस्थळावर स्कॉट वॅसन यांनी एक मोठा लेख लिहिला, सेकंदाच्या आत शिरून बघण्याबद्दल. सेकंद हे माप खेळासाठी फारच मोठं आहे, म्हणून प्रत्येक चित्राला लागलेला वेळ वेगळा मोजा आणि तो रेषेनं काढून दाखवा, असं त्यांचं म्हणणं. आमच्या मते या क्षेत्रातला समीक्षेचा खरा लेख तोच. कारण समीक्षकानं पहिल्यांदा असं विचारलं, की मी जे मोजतो ते आणि खेळणाऱ्याला जे जाणवतं ते, एकच आहे का? पुढे वॅसन स्वतःच एएमडीत नोकरीला गेले. टीकाकाराला कारखान्यानं आत बोलावून घेतलं म्हणा ना. (हशा)

त्याचा परिणाम काय झाला तो किस्सा ऐकण्यासारखा आहे. त्या काळात दोन-दोन ग्राफिक्स कार्डं एका संगणकात लावायची टूम होती. एक कार्ड एक चित्र काढणार, दुसरं त्याच्या पुढचं. आलेखात पट्टी पावणेदोन पट, दुप्पट व्हायची. पण खेळणारे तक्रार करायचे की मजा येत नाही, काहीतरी खटकतंय. २०१३ मध्ये एनव्हिडियानं एक पद्धत पुढे आणली. प्रत्येक चित्राच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी छापायची, पडद्याकडे जाणारा सिग्नलच टिपून ठेवायचा आणि मग त्या रंगपट्ट्या मोजायच्या. पडद्यापर्यंत खरंच काय पोचलं ते त्यातून कळतं. निघालं काय? एएमडीच्या दोन कार्डांच्या जोडीत पुष्कळ चित्रं पडद्यावर नुसती पाच-दहा ओळींची चिंधी होऊन येत होती. डोळ्याला त्यांचा उपयोग शून्य, पण मोजणीत मात्र प्रत्येक चिंधी एक पूर्ण फ्रेम! ऑगस्ट २०१३ मध्ये एएमडीनं चित्रांमधलं अंतर सारखं करणारा ड्रायव्हर काढला. पद्धत प्रतिस्पर्ध्याची होती, हेतू काही धर्मादाय नव्हता, हे खरंच. पण खेळणाऱ्यांची जी तक्रार इतके दिवस मनाचे खेळ म्हणून उडवली जात होती, ती खरी ठरली. लोकांचा हात बरोबर होता, आलेख चुकीचा होता.

आता तुम्ही म्हणाल, हे तर झालं जुनं. हल्ली आलेखात सरासरीखाली '१ टक्का लो' म्हणून दुसरी पट्टी असतेच की. असते. गेमर्स नेक्ससवाले ०.१ टक्कासुद्धा देतात, डिजिटल फाउंड्रीच्या व्हिडिओत खेळाबरोबर फ्रेमच्या वेळेची रेषा धावताना दिसते. ही मंडळी मेहनत करतात, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण 'लो' म्हणजे काय, यावरही एकमत नाही. कुणी सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमची सरासरी घेतो, म्हणजे पुन्हा सरासरीच. कुणी ९९ टक्के फ्रेम ज्याच्या आत येतात तो उंबरठा देतो. दोन वेगळ्या गोष्टी, नाव एकच. आणि बघणारा ती खालची पट्टी वाचतो का? आम्ही नव्हतो वाचत. खरं सांगायचं तर आमची नजर लांब पट्टीवरच जायची.

म्हणून आता अकोल्याकडे वळतो.

२०२२ मध्ये आमच्या एका स्नेह्यांच्या मुलासाठी आम्ही यादी करून दिली. रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६०, १६ जीबी रॅम, १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर. आलेख बघून केलेली, चोख यादी. जोडणी गावातल्याच एका दुकानात झाली. दुसऱ्या उन्हाळ्यात मुलाचा फोन, "काका, ९० फ्रेम दिसतात हो, पण अडकतं." आम्ही काय म्हणालो असू? "अरे ९० म्हणजे उत्तम आहे, सेटिंग बघ जरा." म्हणजे ज्या वृत्तीला आज नावं ठेवतोय तीच. दुकानदारानं सांगितलं, कार्ड कमी पडतंय, वरचं घ्या. वडील तयारही झाले, पस्तीस-चाळीस हजार आणखी. त्यांच्या दृष्टीनं तज्ज्ञ सांगतोय, मुलगा हिरमुसलाय, आणि मुलानं ते यंत्र कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी म्हणूनच मागितलेलं असल्यामुळे नाही म्हणणंही अवघड. (हशा)

योगानं त्याच आठवड्यात आमचं अकोल्याला जाणं झालं. बाजूचं झाकण उघडलं. १६ जीबीची एकच पट्टी. दोन पट्ट्या असत्या तर प्रोसेसरला रॅमकडे जायला दोन वाटा मिळाल्या असत्या, इथे एकच. आम्ही यादीत नुसतं '१६ जीबी' लिहिलं होतं, ८ गुणिले २ असं लिहायचं राहून गेलं. ती पट्टीसुद्धा ३२०० ची, चालत होती २१३३ वर, कारण बायोसमध्ये तिचं प्रोफाइल कुणी चालूच केलं नव्हतं. मॉनिटर १४४ चा, विंडोजमध्ये ६० वर सेट. म्हणजे पोरगं वर्षभर १४४ चे पैसे भरून ६० बघत होतं. आणि कॅबिनेट कुठे? संगणकाच्या टेबलाला खाली दार असलेला कप्पा असतो ना, त्यात. दार बंद. समोरून काच, जाळी नाही. मे महिना, अकोला. खोलीतच ३८ अंश. प्रोसेसर ९० अंशांना टेकला, की स्वतःला वाचवायला वेग कमी करायचा, थंड झाला की परत धावायचा. सरासरी ९० येत होती ती खरीच होती. आणि मुलगा म्हणत होता तेही खरं होतं.

दार काढलं, कॅबिनेट टेबलावर घेतलं, तशीच आणखी एक पट्टी घालून दोन केल्या, दोन सेटिंग बदलली. नवीन कार्डाचे पैसे वाचले. पण यात आमची हुशारी नाही. ज्या यादीमुळे हे झालं ती आमचीच होती, आणि ती करताना आम्ही सगळे आलेख नीट वाचले होते.

इथे या समीक्षेचा दुसरा दोष लागतो. ती भागांची समीक्षा आहे, आणि खेळणारा खेळतो तो अख्ख्या यंत्रावर. कार्ड तपासताना परीक्षक बाजारातला सगळ्यात ताकदीचा प्रोसेसर लावतो, म्हणजे कार्डाला कशाचा अडसर नको. प्रोसेसर तपासताना सगळ्यात महागडं कार्ड लावून चित्राचा आकार लहान करतो. शास्त्र म्हणून बरोबर आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पण विकत घेणारा दोन आलेख वाचतो आणि मनातल्या मनात जोडतो. मधल्या किमतीच्या कार्डाची पट्टी त्या महागड्या प्रोसेसरच्या खांद्यावर उभी राहून तेवढी लांब झालेली असते, हे त्याला पट्टीत दिसत नाही. तो कार्ड घेतो आणि प्रोसेसरमध्ये काटकसर करतो. सगळ्यात मोठी काटकसर एसएमपीएसमध्ये, कारण एसएमपीएसनं एकही फ्रेम वाढत नाही. आलेखात ज्याची पट्टी नाही त्यावर पैसे कोण घालणार? आमच्याकडे वीज येते-जाते, व्होल्टेज नाचतं, त्या ठिकाणी निनावी एसएमपीएसवर चाळीस हजारांचं कार्ड टांगलेलं आम्ही पाहिलंय.

आणि तापमान. परदेशी परीक्षक वातानुकूलित खोलीत, वीस-बावीस अंशांच्या आसपास मोजतात. नीट काम करणारे खोलीच्या वर किती अंश चढलं तेवढंच सांगतात, म्हणजे आपण आपल्या खोलीचा आकडा मिळवून घ्यावा. तो मिळवायचा असतो हे कोण लक्षात ठेवतो? खोली २१ अंशांची, वर ५० चढले, झाले ७१. छान. तेच नागपुरात, अकोल्यात, जळगावला मे महिन्याच्या दुपारी खोलीत ३८ धरा. ८८. कूलर तोच, आलेख तोच, आणि एकदम कडेलोटाजवळ. मराठीत यावर बोलणारी पुष्कळ मुलं आता आहेत, चांगली बोलतात. पण त्यांतली बरीच जण तेच आलेख मराठीत सांगतात. विदर्भातल्या एखाद्यानं पंखा लावून, दुपारी दोन वाजता, धूळ खाल्लेल्या कॅबिनेटवर मोजलेलं आम्हाला बघायचंय. ते इथल्या मातीतलं काम होईल. शब्दशः, जाळीत माती असतेच.

एक गोष्ट मात्र यंत्राच्या गळ्यात मारू नये. काही झटके खेळातच असतात. खेळातल्या प्रकाशाच्या, पाण्याच्या, धुराच्या चित्रणाचे छोटे छोटे प्रोग्रॅम असतात, शेडर म्हणतात त्यांना. कन्सोलवर यंत्र एकच, त्यामुळे ते आधीच तयार करून देता येतात. पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं, ड्रायव्हर वेगळा, म्हणून ते तुमच्या घरीच तयार व्हावे लागतात. खेळानं ते सुरुवातीला केले तर ठीक, तुम्ही चहा करून या. ऐन लढाईत केले तर झटका. फेब्रुवारी २०२२ मध्ये एल्डन रिंग आला तेव्हा पीसीवर हीच बोंब होती, आणि तो खेळ ६० च्या वर जातच नाही, त्यामुळे कितीही महाग कार्ड घ्या, झटका तेवढाच. गंमत म्हणजे व्हॉल्व्हच्या स्टीम डेकवर, त्या हातात मावणाऱ्या किरकोळ ताकदीच्या यंत्रावर, हे झटके कमी होते, कारण तिथेही यंत्र एकच आणि शेडर आयते पाठवता येतात. म्हणजे चाळीस हजारांच्या डेकवर जे गुळगुळीत, ते दोन लाखांच्या पीसीवर अडखळतंय! लांब पट्टीवाल्या समीक्षेकडे याला उत्तर नाही.

आता अगदी अलीकडचं. २०२२ पासून एनव्हिडियाची कार्डं, आणि २०२३ पासून एएमडीचं तंत्रसुद्धा, मधली चित्रं स्वतः रचून घालतात. खेळानं दोन चित्रं काढली, की त्यांच्या मधलं कसं असेल ते कार्ड ठरवतं आणि दाखवतं. २०२५ मध्ये तर एका खऱ्या चित्रामागे तीन रचलेली, इथवर मजल गेली. त्या वर्षी जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात जेन्सन हुआंग यांनी मंचावरून सांगितलं, की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे ४०९० ची कामगिरी देईल. ४०९० ची मूळ किंमत १,५९९ डॉलर. टाळ्या पडल्या. ही बरोबरी रचलेली चित्रं धरून होती. मार्चमध्ये परीक्षकांनी ती बाजूला ठेवून मोजलं तेव्हा ५०७० ही ४०९० च्या आसपासही नव्हती, मागच्या पिढीतल्या ४०७० सुपरच्या शेजारी जाऊन बसली.

हे नीट समजून घ्या. मधलं चित्र रचायचं तर पुढचं खरं चित्र हातात असावं लागतं, म्हणजे ते थोडा वेळ अडवून ठेवावं लागतं. खेळ ३० च्या वेगानं चालतोय आणि पडदा १२० दाखवतोय. डोळ्याला १२०, खरंच मऊ दिसतं. पण तुम्ही माउस हलवलात तर त्याची दखल खेळ ३० च्याच वेगानं घेणार, वर त्या अडवण्याचा उशीर. खेळ मुळात ७०-८० नं चालत असेल आणि निवांत हिंडायचा असेल तर हे तंत्र झकास आहे, आम्हीही वापरतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ते लावणं म्हणजे पायात दगड बांधून शर्यत. आणि ज्याला त्याची खरी गरज आहे, तो ३० वाला, त्यालाच ते सगळ्यात कमी मानवतं.

पूर्वी सरासरी झटका लपवत होती, पण निदान ज्या चित्रांची सरासरी काढली ती खेळानं काढलेली होती. आता आकडाच हातापासून सुटला. हातात काहीही न बदलता पट्टी चौपट लांब करता येते. मग रुपयाला किती फ्रेम या प्रश्नाचा अर्थ काय उरला? परीक्षकांत यावर भांडण चालू आहे आणि ते भांडण व्हायलाच हवं. आमची बाजू साधी आहे. रचलेल्या फ्रेमची पट्टी खऱ्या फ्रेमच्या पट्टीशेजारी, त्याच आलेखात काढणं ही समीक्षा नव्हे, जाहिरात आहे.

वेळ होत आलाय, प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग सामान्य माणसानं हे घरी तपासायचं कसं?)

फुकट साधनं आहेत. एमएसआय आफ्टरबर्नर, इंटेलचं प्रेझेंटमॉन. त्यात एफपीएसचा आकडा बंद करा आणि फ्रेमटाइमची रेषा चालू करा. रेषा सपाट असेल तर ५० वरही सुखानं खेळाल. रेषेवर काटे उभे राहत असतील तर १५० चाही उपयोग नाही. १९९३ चा डूम सेकंदाला ३५ च्या वर जात नव्हता हो, आणि लोकांनी रात्री जागवल्या.

(श्रोत्यांतून प्रश्न: फ्रेमचा वेग मुद्दाम कमी करून ठेवावा का? दुकानदार हसतात.)

हसू देत. यंत्राला जो वेग कायम झेपतो तिथे वरची मर्यादा बांधली, की रेषा सपाट होते, उष्णता आणि वीज दोन्ही कमी. अकोल्याचा तो मुलगा आता हेच करतो. मार्च ते जून ६० वर बांधतो, पाऊस स्थिरावला की ७५, आणि दिवाळीनंतर ९० वर नेतो.